बाई नेतील तिकडे

खोलीसाठी त्यांनी काकींना फोन केला तेव्हा एवढंच सांगितलं होतं, "मी आणि बाई, दोघे आहोत. दोन महिने राहू. बाईंचा कुणाला त्रास होणार नाही."

काकी म्हणजे माझ्या घरमालकीण. रत्नागिरीत परटवण्यातल्या त्यांच्या घराच्या माडीवर दोन खोल्या होत्या. एकीत मी राहत होते, दुसरी रिकामी होती. काकींचे यजमान बोटीवर, वर्षातले नऊ महिने पाण्यावर, आणि मूलबाळ नाही. त्यामुळे भाडेकरू येणार म्हटलं की पाहुणे येणार असल्यासारखी त्यांची धांदल उडायची. "जोडपं येतंय गो," त्या मला म्हणाल्या. "बायको शाळेत बाई असणार. जिना चढवेल ना तिला?" त्यांनी दुसरी गादी उन्हात घातली, खोलीत आरसा लावला आणि खोबऱ्याच्या वड्या थापल्या.

दुपारी फाटकाशी एक जुनी पांढरी व्हॅन उभी राहिली. साठीचा, उंच, शिडशिडीत माणूस उतरला. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणंसुद्धा लावलेली. गाडीला वळसा घालून त्यांनी पलीकडचं दार उघडलं आणि म्हणाले, "उतरा बाई. आलं आपलं ठिकाण."

एक तपकिरी गावठी कुत्री खाली उतरली. तिचा डावा कान दुमडलेला होता. तिने अंग झाडलं आणि तुळशीचा वास घेतला.

"आणि बाई?" काकींनी विचारलं.

"ह्याच."

मला हसू आवरेना. ते मात्र हसले नाहीत. यात हसण्यासारखं काय आहे हे त्यांना खरोखर कळलं नव्हतं. काकी सावरून म्हणाल्या, "कुत्रा नाय हो चालणार आमच्याकडं."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "बाई, चढा."

ना गयावया, ना राग. गाडीचं दार त्यांनी पुन्हा उघडलंसुद्धा. त्यानेच काकी विरघळल्या असाव्यात. "अहो, आता जाल कुठं?"

"बघू. गाडीत झोपता येतं."

"वड्या केल्यायत. त्या तरी खाऊन जा."

ते पडवीत बसून वड्या खात होते तोवर बाई फाटकाशी बसून राहिल्या. शेजारच्या कोंबड्या समोरून गेल्या तरी मान वळवली नाही. संध्याकाळपर्यंत दोघं माडीवर होते, आणि काकी खालून ओरडून विचारत होत्या, "काय गो, भात खाशील?"

ते सगळ्यांनाच अहो-जाहो करायचे. मला, काकींना, दूधवाल्याच्या पाच वर्षांच्या मुलीला, आणि बाईंना. वागणं अगदी नेमस्त होतं. सकाळी दारात दिसले की नमस्कार, संध्याकाळी परतले की नमस्कार, आणि त्या दोन नमस्कारांच्या मध्ये एकही प्रश्न नाही. तुम्ही कुठल्या, काय करता, लग्न झालंय का, असं काहीही त्यांनी मला कधी विचारलं नाही. सुरुवातीला बरं वाटलं. नंतर कधीकधी वाटायचं, एकदा विचारावं की.

कारण त्या गावात मला काही विचारणारं कोणी नव्हतंच. मी लातूरकडची. रत्नागिरीतल्या एका लॅबमध्ये लागून सात महिने झाले होते. सकाळी सहाला स्कूटर काढायची आणि घरोघरी जाऊन लोकांच्या रक्ताचे नमुने घ्यायचे. मूठ मिटा, हळूच टोचेल, झालं, कापूस धरून ठेवा. दिवसभरातलं माझं बहुतेक बोलणं एवढंच. माझ्या लेखी रत्नागिरी म्हणजे दारं आणि दंड. समुद्र मी रस्त्यावरून जाताना पाहिला होता, उभी राहून कधी नाही. एकटी मुलगी बघून लोक बघतात, आणि लोकांनी बघावं इतका मला समुद्राचा सोस नव्हता.

नवीन गाव बघायची त्यांची एक पद्धत होती. नकाशा नाही, फोनवर शोधणं नाही, आणि कोणाला विचारणं तर अजिबात नाही. बाईंचा पट्टा ते कमरेला बांधायचे, हात मोकळे सोडायचे आणि म्हणायचे, "चला." मग बाई नेतील तिकडे जायचं. बाई थांबल्या की थांबायचं, त्या परतल्या की परतायचं. मारुती मंदिराकडे निघालेले दोघे पऱ्याच्या आळीतून तिसरीकडेच बाहेर पडायचे. एका रविवारी फाटकाशी गाठ पडली तेव्हा मी विचारलं, "मी आले तर चालेल?"

ते बाईंकडे वळले. बाईंनी माझी चप्पल हुंगली. "चालेल," ते म्हणाले.

त्यानंतर दर रविवारी मी त्यांच्याबरोबर असायचे. बरोबर कुत्री असली की बाईमाणसाकडे कोणी बघत नाही, कुत्रीकडे बघतात. हे मला तेव्हा कळलं. मी मांडवीच्या धक्क्यावर बसले, भाट्याच्या पुलावरून चालत पलीकडे गेले. एकदा बाईंनी आम्हाला एका बेकरीच्या मागच्या दाराशी नेलं. तिथे टोस्टचा चुरा वाळत घातला होता. आम्ही तिघं अर्धा तास तिथे उभे होतो, आणि का उभे आहोत हे बेकरीवाल्याने विचारलं तेव्हा दोघांनीही बाईंकडे बोट दाखवलं.

त्यांची सगळी नोकरी टपालाच्या वर्गीकरणात झाली होती, कोल्हापुरात. समोर लाकडी खण, हातात पत्रांचा गठ्ठा. पत्ता वाचायचा, खणात टाकायचं. कोकणचे खण कितीतरी वर्षं त्यांच्याकडे होते. इथल्या वाड्यावस्त्यांची नावं त्यांना अशी पाठ होती की काकी चकित व्हायच्या. पण यातलं एकही गाव त्यांनी पाहिलेलं नव्हतं. नोकरी संपल्यावर व्हॅन घेतली आणि निघाले. दोन महिने इथे, महिनाभर तिथे.

"एकदा एका लिफाफ्यावर पत्ता होता, 'पांढरा समुद्र, रत्नागिरी'," त्यांनी मला सांगितलं. "मला वाटलं कोणीतरी चेष्टा केली आहे. मी शेजारच्या माणसाला दाखवला. तो म्हणाला, टाका रत्नागिरीत, त्यांचं ते बघतील."

बाईंनी जेव्हा आम्हाला खरोखरच पांढऱ्या समुद्रावर नेलं तेव्हा ते वाळूत बराच वेळ उभे राहिले. पाणी हिरवट, राखाडी होतं.

"पांढरा नाही," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. एक काम मिटल्याचं समाधान होतं.

स्वतः ते शुद्ध शाकाहारी होते. दहीभात आणि लिंबाचं लोणचं यावर त्यांचं चालायचं. पण बाईंसाठी दर दोन दिवसांनी ते मिरकरवाड्यावर जाऊन मासळी आणायचे आणि नाकाला रुमाल बांधून ती शिजवायचे. मासळीवाल्या मावशींना हे कळल्यावर त्यांची करमणूक व्हायची. "एवढं शिजवताव, एकदा खाऊन तरी बघा हो," त्या म्हणायच्या. ते म्हणायचे, "बाईंना विचारून सांगतो."

घराबद्दल मी त्यांना एकदाच विचारलं. भाट्याच्या सुरूच्या बनात बसलो होतो. त्यांनी लग्न केलं नव्हतं. वडील लवकर गेले, धाकट्या तीन भावांचं सगळं यांनीच केलं. "आता तिघांची घरं आहेत. तिघंही म्हणतात, या, राहा. बाईंना मात्र बाहेर बांधा म्हणतात." बाईंच्या पाठीवरची वाळू त्यांनी झटकली. "आणि बाईंना काय, नवीन नवीन गावं आवडतात. एका जागी त्या रमायच्या नाहीत."

त्यांच्याबरोबर न बोलता बसता यायचं. पण ते बरं वाटणारं न बोलणं होतं की दोन माणसं आपापली एकटी बसलेली होती, हे मला आजही नक्की सांगता यायचं नाही.

झाडांवर कैऱ्या धरल्या होत्या तेव्हाची गोष्ट. त्या रविवारी बाईंनी आम्हाला नाचणे गावाच्या पुढे, कलमांच्या बागांकडे नेलं. दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे जांभ्या दगडांच्या बुटक्या भिंती, मधून लाल पायवाट. वानरं कैऱ्यांची नासाडी करतात म्हणून बागेचे राखणदार फटाके लावतात. आम्हाला काय ठाऊक. गडग्यापलीकडे, अगदी हाताच्या अंतरावर, एक सुतळी बॉम्ब फुटला.

माझे कान बधिर झाले. मी खाली बसले. वर पाहिलं तर त्यांच्या कमरेला पट्ट्याचा तुटका तुकडा लोंबत होता आणि पायवाट रिकामी होती.

"बाई!" ते एकदाच ओरडले. मग म्हणाले, "येतील."

राखणदार धावत आला, बिचारा हात जोडायला लागला. "मला दिसलाव नाय हो." आम्ही गडग्यावर बसलो. दुपार झाली, ऊन कलंडलं. "त्यांना जागा माहीत आहे. येतील," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. अंधार पडू लागला तेव्हा मीच त्यांना उठवलं.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच फिरले, तिसऱ्या दिवशीही. मी लॅबमधून आले की खाली काकी सांगायच्या, "नाय मिळाली. जेवले पण नायत. माणूस एक शब्द बोलत नाय गो." तिसऱ्या संध्याकाळी मी त्यांना गाठलं. "कुणाला विचारलंत का?"

"नाही."

"अहो, विचारल्याशिवाय कसं कळणार?"

"काय विचारायचं असतं?"

मी त्यांच्याबरोबर निघाले. नाचण्यातल्या एका पानपट्टीसमोर त्यांना उभं केलं. दोनदा घसा खाकरून ते म्हणाले, "आमच्या बाई हरवल्या आहेत."

पानपट्टीवाला उठून उभा राहिला. "अरे देवा. किती वयाच्या? नेसल्यायत काय? काकांना बसायला द्या रे कुणीतरी." दोन मिनिटांत सहासात माणसं जमली. एकाने स्टूल आणलं, दुसऱ्याने पाणी. "डोक्यानं जरा विसरभोळ्या होत्या काय?" एक म्हातारे गृहस्थ अगदी हळू आवाजात विचारत होते.

मी सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर करून मला थांबवलं. बसले होते ते उठले.

"कुत्री आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. "गावठी कुत्री. तपकिरी. मी तिला बाई म्हणतो." आणि मग, इतक्या माणसांसमोर, मनगटापर्यंत बटणं लावलेल्या त्या माणसाचा चेहरा वाकडातिकडा झाला. त्यांना रडताही येत नव्हतं नीट. सवयच नव्हती.

कोणी हसलं नाही. पानपट्टीवाल्याने विचारलं, "कान कसे? पट्टा कुठल्या रंगाचा?"

त्यानंतर ते विचारू लागले. दुकानात, रिक्षास्टँडवर, धक्क्यावर, शाळेच्या फाटकावर. लॅब सुटली की मीही जायचे. सकाळी रक्त घ्यायला गेले की कापूस दाबता दाबता मी विचारायचे, "एक तपकिरी कुत्री दिसली का हो?" दंड सोडून माणसं माझ्याकडे बघायची, मग खिडकीतून आत हाक मारायची, "अगो, ऐकलंस का?" मी फोनवरच्या ग्रुपमध्ये फोटोही टाकला. फोटो एकच होता, त्यात बाईंची पाठ आणि माझा अंगठा. लोकांनी दहाबारा भलत्याच कुत्र्यांचे फोटो पाठवले. प्रत्येक फोटो ते चष्मा लावून नीट बघायचे आणि म्हणायचे, "ह्या कोणीतरी दुसऱ्या आहेत."

आठवडा झाला. एका सकाळी ते पोस्टात गेले आणि कार्डांचा गठ्ठा घेऊन आले. दिवसभर टेबलाशी बसून लिहीत होते. संध्याकाळी त्यांनी मला एक वाचायला दिलं. पत्ता होता, 'पोस्टमन, मु. पो.' आणि पुढे गावाचं नाव. मजकूर असा: 'सविनय नमस्कार. माझी एक कुत्री हरवली आहे. रंग तपकिरी, डावा कान दुमडलेला, गळ्यात निळा पट्टा. भुंकत नाही. आपण रोज दारोदार जाता. गावातले प्रत्येक कुत्रे आपणास ठाऊक असणार. दिसल्यास कृपया कळवावे.'

साठसत्तर कार्डं होती. सगळी गावं आठवणीतून लिहिलेली.

"आंजर्ले?" मी म्हटलं. "इतक्या लांब कशी जाईल?"

"नाही जाणार," ते म्हणाले. "पण तिथलं टपाल माझ्या खणात असायचं."

मला वाटलं होतं, एकही उत्तर येणार नाही. पाचव्या दिवशी चार आली. मग रोज येऊ लागली. संगमेश्वरकडच्या एका वाडीतून कोणी लिहिलं होतं, 'दिसली नाही. आमच्या वाडीत आता माणसांपेक्षा कुत्री जास्त, पण सगळी ओळखीची. नवीन आली तर लगेच कळेल.' आंजर्ल्याहून आलं, 'कड्यावरच्या गणपतीला आपल्या वतीने गाऱ्हाणे घातले आहे.' टपाल वाटणाऱ्या एका बाईंनी लिहिलं होतं, 'माझ्याही मोत्याला जाऊन वर्ष झालं. आपलं दुःख समजते. दिसल्यास भाकरी घालीन.'

ते कार्डं वाचायचे, उलटून शिक्का बघायचे, पुन्हा वाचायचे. तालुक्याप्रमाणे त्यांनी टेबलावर ओळी लावल्या होत्या. "मला पत्र असं कधी आलंच नव्हतं," ते एकदा म्हणाले. "भाऊ सगळे एकाच घरात होतो ना. कोण लिहिणार?" हातातल्या कार्डावर 'दिसली नाही' असं लिहिलेलं होतं आणि तरी ते खाली ठेवायचा त्यांना धीर होत नव्हता.

लांज्याचं कार्ड आलं तेव्हा मी घरीच होते. त्यांनी ते वाचलं आणि माझ्या हातात दिलं. 'तुम्ही पावसाळ्यानंतर इथे काजूच्या शेडमागच्या खोलीत राहिला होता. मीच तुमच्या पेन्शनचे पाकीट आणून दिले होते. तुमची कुत्री गेले दहा दिवस त्या बंद खोलीच्या पायरीवर बसून आहे. तेव्हा भुंकत नसे. आता कोणाला जवळ येऊ देत नाही.'

आम्ही तसेच निघालो. हातखंबा, पाली, मग महामार्गाने खाली लांजा. बाई हा सगळा रस्ता पायी गेल्या होत्या. ट्रक कानाजवळून जात होते आणि मी तोच विचार करत होते. ते पूर्ण रस्ताभर एकदाच बोलले. "त्या खोलीत आम्ही फक्त सव्वीस दिवस होतो."

शेडमध्ये बायका काजू फोडत बसल्या होत्या. टरफलाच्या तेलाने बोटं काळी झालेली. आम्हाला बघून एक जण उठली. "तुमचीच ना? मागल्या अंगाला हाय. मी भात टाकते, पण आम्ही लांब गेल्याशिवाय खात नाय."

मागे एक बैठी खोली होती, दाराला कुलूप. पायरीवर बाई होत्या. बरगड्या मोजता येत होत्या, पुढच्या पायाचे तळवे फाटलेले. आम्हाला बघून त्या गुरगुरल्या. मग वाऱ्यावर नाक धरलं आणि उठल्या, धडपडत त्यांच्यापर्यंत आल्या, गुडघ्यावर डोकं घासलं. घशातून असा आवाज काढत होत्या की मला ऐकवेना.

ते खाली मातीत बसले होते. "चला," शेवटी ते म्हणाले. "चला बाई, गाडीत."

बाईंनी गाडीकडे पाहिलं. मग त्या वळल्या, लंगडत पुन्हा पायरीवर गेल्या आणि कुलूप लावलेल्या दाराकडे तोंड करून बसल्या. वळून त्यांच्याकडे बघायच्या, पुन्हा दाराकडे. उघडा ना, म्हणत असल्यासारख्या.

ते पायरीपाशी जाऊन बाईंच्या शेजारी मातीत बसले.

"मला वाटायचं, ह्यांना नवीन गावं आवडतात," ते म्हणाले. "मी कधी नीट बघितलंच नाही. प्रत्येक वेळी गाडीत चढताना ह्या मागे वळून बघायच्या. मला वाटायचं, सवय आहे."

मग ते उठले, कपड्यांची माती झटकली आणि त्या काजूवाल्या बाईंकडे गेले. "ही खोली मला पुन्हा मिळेल का?" त्यांनी विचारलं. "कायमची."

संध्याकाळच्या एसटीने मी एकटी परतले. ते स्टँडपर्यंत सोडायला आले होते. बाईंना खोलीत ठेवून, दार उघडं टाकून आले होते, म्हणून घाईत होते. गाडी सुटताना खिडकीशी आले आणि म्हणाले, "पोहोचलात की कळवा." एवढ्या दिवसांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती एकमेव गोष्ट.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. पुढच्याच महिन्यात माझी चिपळूणच्या शाखेत बदली झाली. फोनवर दोनतीनदा बोलणं झालं. त्यांना फोनवर बोलता येत नाही. बाई बऱ्या आहेत, पायाची जखम भरली आहे, एवढं सांगतात आणि गप्प होतात. पण ठेवत नाहीत, आणि मीही ठेवत नाही.

त्या संध्याकाळी रत्नागिरीच्या स्टँडवर उतरले तेव्हा दिवे लागले होते. रिक्षा न करता मी चालत निघाले. रिक्षास्टँडवरच एकाने हाक मारली, "ओ ताई, सापडली काय?" मी म्हटलं, सापडली. गोखले नाक्यावर फुलवाली म्हणाली, "मिळाली का गो कुत्री?" मिळाली. बेकरीवाला शटर ओढता ओढता थांबला. ज्यांच्या घरी मी महिन्यातून एकदा रक्त घ्यायला जायचे ते आजोबा गॅलरीतून ओरडले. ज्यांची नावं मला ठाऊक नव्हती अशी माणसं दारातून, दुकानातून, चालत्या स्कूटरवरून विचारत होती आणि मी सांगत होते. सापडली. हो, जिवंत. लांज्याला. हो, चालत गेली. मला इतकी माणसं ओळखतात हे मला त्या दिवशी कळलं, आणि हे ज्यांना सांगावं ते चाळीस किलोमीटर लांब एका पायरीवर बसले होते.

काकी फाटकात उभ्या होत्या.

"सापडली," मी त्यांनी विचारायच्या आधीच म्हटलं.

"आणि ते?"

"तिथेच राहणार आहेत. सामान न्यायला येतील कधीतरी."

"बरं झालं," काकी म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "बरं झालं हो." माडीवरच्या बंद खिडकीकडे त्यांनी एकदा बघितलं. मग फाटकाची कडी लावत मला म्हणाल्या, "तू आता वर एकटी नको जेवूस गो. खालीच ये. मी पण अजून बसले नाय."

मी हातपाय धुऊन खाली गेले. काकींनी दोन पाट मांडले होते. वाढता वाढता त्यांनी विचारलं, "तुझ्या घरी कोण कोण असतं गो, लातूरला?"

मी सांगायला लागले.